चंद्रिका टॉकीजचे मार्क

अभिमन नानांचं चंद्रिका टॉकीज बंद पडून इतकी वर्षं झाली होती, की गावातली निम्मी माणसं त्याला मक्याचं गोडाऊन म्हणूनच ओळखायची. दोंडाईच्याच्या रस्त्याला लागून ती पत्र्याच्या छपराची लांबट इमारत. आत ललितशेठ व्यापाऱ्याची पोती थेट बाल्कनीपर्यंत रचलेली. पडद्याच्या भिंतीवरचा चुना ओलीनं फुगलेला, पण रंग अजून पांढराच. नाना रोज संध्याकाळी तिथल्या ओट्यावर येऊन बसायचे, कारण पहिल्या खेळाची वेळ तीच होती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, हवा खायला आलोय. समोरून ट्रक जायचे, त्यामुळे खायला हवा कमी आणि धूळ जास्त मिळायची, पण जागा बदलायचा विचार नानांच्या मनात कधी आला नाही.

नानांची नात भूमिका जळगावला राहायची. मेहरूण तलावाच्या अंगाला एका फ्लॅटमध्ये हितेंद्र नावाच्या मुलाबरोबर तिनं कंपनी काढली होती. दोघं मिळून कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचे. गावात लोक विचारत, "नाना, पोरगी करते काय नेमकं?" नाना सांगत, "पिच्चरच बनवते. फरक इतकाच, हिरो आपल्याला चालवावा लागतो."

मागच्या हिवाळ्यात भूमिका आठवडाभर घरी राहिली, मोबाइल समोर ठेवून नानांना बोलतं करत बसली. तिला टॉकीजचा गेम बनवायचा होता. खेळणाऱ्यानं टॉकीजचा मालक व्हायचं आणि दिवसाचे खेळ पार पाडायचे. नानांना पहिल्यांदा वाटलं, यात खेळण्यासारखं काय आहे, आपला तर जीव जायचा. पण एकदा बोलायला लागले ते थांबेनात.

त्यांनी सांगितलं, धुळ्याहून रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. एकच पिच्चर दोन टॉकीजांत चालायचा. इथली पेटी संपली की टॉकीजचा गडी सुपडू ती राजदूत मोटारसायकलवर टाकून पुढच्या गावाला पळवायचा आणि तिथली इकडे आणायचा. एकदा हा सुपडू वाटेत सासुरवाडीला चहाला थांबला. सासूनं जेवायला बसवलं, जेवून डोळा लागला. इकडे मधली पेटी नाही, लोक बाकं बडवायला लागले. शेवटी नानांनी शेवटची पेटी आधी लावून दिली. व्हिलन मेला, इंटरवल झालं, आणि इंटरवलनंतर त्याच व्हिलननं हिरोच्या बापाचा खून केला. एक माणूस उठून गेला नाही. बायकांच्या बाजूनं तर आवाज आला, "बरं झालं, मुडद्याला आधीच मारलं."

करमणूक कराच्या साहेबाचंही सांगितलं. साहेब धुळ्याहून अचानक यायचा, डोकी मोजायला. बाल्कनीच्या तिकिटाला कर जास्त. म्हणून साहेबाची जीप दिसली की नाना त्याला पडद्यामागच्या खोलीत शेवभाजी खायला बसवायचे, आणि तेवढ्यात बाल्कनीतली माणसं खाली उतरवून थर्डाच्या बाकांवर कोंबायचे. सरपंच एकदा न्हाव्याच्या मांडीवर बसून अर्धा पिच्चर बघून गेले. नानांना त्या कोंबाकोंबीची आजही मजा वाटायची. सगळं गाव एका बाकावर, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच उजेड.

"आणि टॅक्स-फ्री पिच्चर?" भूमिकानं विचारलं होतं.

"नाव काढू नको," नाना म्हणाले. "सरकारनं ज्याची पाठ थोपटली तो पिच्चर आम्ही एकदाच लावला. हुंड्यावर होता. बाहेर ऐटीत पाटी लावली, करमाफ. तिकीट स्वस्त. आणि माणूस फिरकेना. लोकांना कळून चुकलं होतं, सरकार ज्याला कर माफ करतं त्यात उपदेश असतो. तिसऱ्या खेळाला मी पाटी काढून टाकली, तेव्हा कुठं दोन बाकं भरली."

गेमचा पहिला नमुना भूमिकानं होळीला आणून दाखवला. लॅपटॉपवर चंद्रिका टॉकीज उभं होतं. तिकिटाची खिडकी, तिच्यात एका वेळी एकच हात जाईल एवढं भोक. पायाखाली शेंगांची टरफलं. प्रोजेक्टरच्या उजेडात विडीचा धूर. नानांनी चष्मा पुसला, परत लावला. मग म्हणाले, "त्या खांबाला टेकून ताईबाई बसायची. लग्नाच्या आधी." नानांची बायको ताईबाई अक्का चुलीजवळून म्हणाल्या, "तठे पत्र्यातून पानी टपके नही, म्हनीसन बठू. तुम्हनासाठे नही."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग सरकारनं मदत करायचं ठरवलं.

नवी योजना आली. जो गेम किंवा सिनेमा आपल्या भागाची संस्कृती दाखवेल, त्याच्या खर्चावरचा कर सरकार परत देणार. हितेंद्रनं हे फोनवर समजावून सांगितलं, तेव्हा नानांनी दोनदा विचारलं.

"म्हणजे सरकार टॅक्स घेणार नाही?"

"घेणार, नाना. पण परत देणार."

नाना म्हणाले, "सरकारनी तब्येत बरी शे ना?"

तब्येत बरी होती, फक्त मार्क हवे होते. सण, बोली, वेशभूषा, खाद्य, निसर्ग, वारसा असे रकाने, आणि प्रत्येकाचे मार्क. हितेंद्र तसा गुणी पोरगा, रावेरकडचा, घरी केळीच्या बागा. पण परीक्षेत एक मार्क सुटला तर रात्रभर झोप नाही, अशा जातीचा. त्यानं एकेक रकाना भरायला घेतला. निसर्गासाठी टॉकीजच्या दारात झाडं लावायचा खेळ आला. खाद्यासाठी भरीत आलं, भरतासाठी वांग्याचा मळा आला, आणि मळ्याला जागा पाहिजे म्हणून बाल्कनी गेली. वेशभूषेसाठी डोअरकीपरला धोतर नेसवलं. नानांचा डोअरकीपर बेलबॉटम घालायचा, आणि त्या बेलबॉटमवरच तर अर्ध्या पोरी पिच्चरला यायच्या. दर महिन्याला भूमिका नवा नमुना आणायची आणि दर महिन्याला टॉकीज थोडं आखडलेलं असायचं. आषाढात आणलं तेव्हा चंद्रिका टॉकीज एका कोपऱ्यात पानटपरीएवढं उभं होतं, आणि खेळणारा त्याला वळसा घालून केळी कापायला जात होता.

"अन् पिच्चर कधी लागतो?" नानांनी विचारलं.

भूमिका खाली बघत म्हणाली, "पिच्चरला मार्क नाहीत, नाना. हितेंद्र म्हणतो, टॉकीज काढूनच टाकू. सवलत मिळाली नाही तर गेम पुरा व्हायचा नाही. एकच वाट आहे. वारशाच्या रकान्यात टॉकीज बसलं तर राहील. मग बाकीचं मी काढायला लावते, जुना नमुनाच पाठवते. पण त्यासाठी योजनेच्या मुंबई ऑफिसातल्या मॅडम येऊन जागा बघणार. त्यांना पटलं तर."

नानांनी दिवस स्वतः निवडला. अंगणात येरझाऱ्या घालत त्यांनी हिशेब केला. मॅडमला संस्कृती बघायची आहे. गावाला सगळ्यात जास्त संस्कृती कधी येते? श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत नदीला जाते. बठ्ठं गाव, एकूण एक माणूस रस्त्यावर, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, बँड, फुगड्या. अशा दिवशी बाई आली तर मार्क पिशवीत भरून नेईल. त्यांनी सोमवार कळवून टाकला. मॅडमचाही होकार आला. नाना इतके खूश झाले की ललितशेठला सांगून गोडाऊनच्या दारातलं गवतसुद्धा उपटून घेतलं.

एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात न येणं म्हणजे खानदेशी माणसानं स्वतःचं आडनाव विसरण्यासारखंच होतं.

सोमवारी सकाळी कानबाई नदीला गेली आणि दुपारी घरात भाऊबंद नैवेद्याचे रोट खायला बसले. त्याच वेळी दारात गाडी थांबली. पुनम मॅडम उतरल्या. पस्तिशीच्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या, सकाळी नाशिकहून निघालेल्या, चेहरा उन्हानं सुकलेला. ओसरीवर खुर्ची देताच त्यांनी खोल श्वास घेतला. आतून खिरीचा, गंगाफळाच्या भाजीचा, तुपातल्या रोटाचा वास येत होता.

"किती छान वास येतोय," त्या म्हणाल्या. "वाटेत कुठं थांबलेच नाही. म्हटलं, खानदेशात काय, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत."

तेव्हा कुठं नानांच्या ध्यानात आलं.

कानबाईचा रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून दळतात, आणि त्या पिठाचं जे होईल ते त्याच रक्ताच्या माणसांनी संपवायचं. नानांच्या घरी तर लग्न झालेल्या लेकीलाही देत नसत. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारीत न सोडता खड्ड्यात पुरायचे. आणि रोट संपेपर्यंत त्या घरात दुसरं काही शिजत नसे.

नाना उठून आत गेले. "ताईबाई, काही तरी कर. पाव्हनी उपाशी शे."

"मी काय करू? दिन तुम्हीच धरेल शे."

"शेजारी देख ना."

"शेजारी बी रोटच शे."

खरंच होतं. एका पोराला घरोघर पिटाळलं. सगळ्या गल्लीत रोट. खालच्या आळीत रोट. गिरधरचं हॉटेल बंद, कारण गिरधर आपल्या भाऊबंदांत रोट खात बसलेला. त्यानं आतूनच निरोप पाठवला, उद्या या, मिसळ लावतो. अख्ख्या गावात खायला एवढं होतं की पंगती उठाव्यात, आणि मॅडमच्या तोंडी घालायला एक घास नव्हता.

इकडे ओसरीवर भूमिकाबरोबर जळगावहून आलेला हितेंद्र मॅडमना लॅपटॉपवर वांग्याचा मळा दाखवत होता. त्याचंही पोट रिकामं. त्याच्या रावेरकडच्या घरी कानबाई बसत नसल्यानं त्याला हा सगळा मामला माहीत नव्हता, आणि तो दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होता. शेवटी तो आत डोकावला आणि कुजबुजला, "अक्का, एक ताट द्या ना मॅडमना. मार्कांचा प्रश्न आहे. कोण बघतंय?"

ताईबाईंनी कोपऱ्यातल्या मांडलेल्या जागेकडे बोट केलं. "कानबाई देखस."

"ती तर नदीला गेली ना सकाळी."

"तठून बी देखस."

हितेंद्र गेला. नाना मात्र तिथंच उभे राहिले. समोर वाढलेलं ताट होतं. त्यांचंच. एक रोट, वाटीभर खीर. ओसरीवर हे ताट नेलं की बाई खूश होईल, टॉकीजकडे जाईल, सही करेल. आणि बाहेर ट्रक जातात त्या ओट्यावर बसून ज्याची वाट बघत इतकी वर्षं काढली, ते निदान एका काचेच्या डबीत तरी परत उभं राहील. नानांनी ताट उचललं. चार पावलं चालले. ताईबाई काही बोलल्या नाहीत, हे वाईट झालं. त्या बोलल्या असत्या तर भांडून पुढं जाता आलं असतं.

नानांनी ताट परत पाटासमोर ठेवलं, धोतराला हात पुसले आणि बाहेर येऊन मॅडमसमोर उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "आज आमच्या घरचं तुम्हाला देता येत नाही. कानबाईचा रोट आहे. भाऊबंदाबाहेर द्यायचा नसतो. गावात दुसरीकडेही मिळायचं नाही. दिवस मीच निवडला, चूक माझीच. पाणी देतो."

मॅडमनी विचारलं, "म्हणजे मला काहीच मिळणार नाही?"

"चहा मिळेल, बिनदुधाचा. पण चूल आतली आहे, म्हणजे तोही नाही."

हितेंद्रनं कपाळावर हात मारला. मग त्याला काही आठवलं आणि तो गाडीकडे पळाला. खाद्याच्या रकान्यासाठी पुरावा म्हणून त्यानं जळगावहून एक खोका आणला होता. केळीचे वेफर्स, शेव, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी, प्रत्येकावर चिठ्ठी आणि नंबर. मॅडमनी वेफर्सचं पाकीट फोडलं, मग शेवेचं. हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ते सादर करायचे नमुने आहेत."

"मग झाले सादर," मॅडम म्हणाल्या आणि दुसरं पाकीट फोडलं.

खाऊन झाल्यावर सगळे टॉकीजवर गेले. ललितशेठनं कुलूप काढलं. आत मक्याची पोती आणि पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे ठिपके. नानांनी दाखवायला सुरुवात केली, पण दाखवायला काहीच नव्हतं. "या पोत्यांखाली थर्डाची बाकं. ती पोती आहेत ना, तिथं तिकिटाची खिडकी. त्या थप्पीच्या मागं प्रोजेक्टरची खोली, शिडी उंदरांनी खाल्ली." मॅडम इकडेतिकडे मान वळवत होत्या. हितेंद्र कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात नापास होत होता. तेव्हा भूमिका पोत्यावर लॅपटॉप ठेवून होळीचा जुना नमुना लावून बसली. "मॅडम, एकदा हा बघा. यात मळा नाही."

मॅडम खेळल्या. पेटी आली, खिडकी उघडली, साहेबाची जीप आली. "हा कोण?" त्यांनी विचारलं.

"करमणूक कराचा साहेब," भूमिका म्हणाली. "याला जेवायला बसवायचं, तेवढ्यात वरची माणसं खाली."

मॅडमनी साहेबाला शेवभाजी वाढली आणि बाल्कनी खाली करायला घेतली. सरपंच मांडीवर बसेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, आणि तिसऱ्यांदा बसवला तेव्हा पोत्यावर थाप मारली.

मग त्यांनी पर्समधून कागद काढले. "नाना, एक सांगू? मी जिथं जाते तिथं मला फेटा बांधतात. लेझीम असतं. पिठलं-भाकरी असते, चुलीवरची, चूल आदल्या दिवशी मांडलेली. मागच्या महिन्यात एका गावात ज्या बाई जात्यावर ओव्या म्हणत होत्या, त्याच बाई पुढच्या तालुक्यात परत दळताना सापडल्या. मला बघून लाजल्या बिचाऱ्या. आज पहिल्यांदा मला कोणी उपाशी ठेवलं. सवलत हातची जाईल हे माहीत असून ठेवलं." त्यांनी सणाच्या रकान्यात पूर्ण मार्क लिहिले. खाद्याच्या रकान्यात थांबल्या. "इथं नमुना शिल्लक नाही. शून्य."

"आणि वारसा?" नानांनी विचारलं.

"देते. टॉकीज राहील, हा जुनाच गेम पाठवा. फक्त एक अट आहे, ती माझ्या हातात नाही. गेममधली वास्तू प्रत्यक्षाशी जुळली पाहिजे. मी आजचे फोटो जोडणार. दिवाळीनंतर दुसरे अधिकारी येऊन तपासतील."

नानांना कळेना. "पण आत तर मका आहे."

"मग गेममध्येही मका हवा."

भूमिकानं मका भरला. पंधरा दिवसांत गेममधलं चंद्रिका टॉकीज पोत्यांनी भरून गेलं, फोटोतल्याप्रमाणे थप्पीला थप्पी. बाकं दिसेनाशी झाली, पण माणसं तीच. ती मुकाट पोत्यांवर चढून बसली आणि पिच्चर सुरू झाला. नानांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंड कडू केलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की दुसऱ्या थप्पीवर पाय हलवत बसलेली बाई खांबाला टेकलेली आहे. त्यांनी ताईबाईंना हाक मारली नाही. एकट्यानंच इंटरवलपर्यंत बघितलं.

पण सप्टेंबरात मक्याचा भाव चढला आणि ललितशेठनं ट्रक बोलावला.

नाना धावत गोडाऊनवर गेले. ज्या पोत्यांना त्यांनी वर्षानुवर्षं मनातून शिव्या दिल्या, ज्यांच्या नावानं देवळात नारळ बोलले की ही एकदाची जाऊ देत, त्यांच्याच पुढं हात पसरून उभे राहिले. "शेठ, दिवाळीनंतर ने. माझं भाडं राहू दे, पण आता हलवू नको."

"नाना, मका आहे. पिच्चर नाही, उद्या परत लागायला."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, मागच्या बाजूची पोती न्यायची, पुढच्या रांगा फोटोप्रमाणे राहू द्यायच्या. नाना मोबाइलवर भूमिकानं पाठवलेलं चित्र बघत हमालांना सांगायला उभे राहिले. हे ने, हे राहू दे, ते जरा डावीकडे सरकव. अंधार पडत आला. एका हमालानं खांबाजवळच्या थप्पीला हात घातला, पोतं अर्धं उचललं.

"ते नको," नाना म्हणाले.

"का, नाना? हे तर सुटं आहे."

"तठे मानूस बठेल शे."

हमालानं पोत्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि ते जिथून उचललं होतं तिथंच अलगद टेकवलं.